बदलत्या जगात उद्योगाचे धोरणात्मक नेतृत्व: मुंबई परिसरातील उद्योजकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, वसई, भिवंडी, तळोजा आणि नवी मुंबई या पट्ट्यातील लहान-मध्यम उद्योगांचे मालक आणि मोठ्या कंपन्यांतील विभागप्रमुख जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. व्यवस्थापनशास्त्राच्या व्याख्या पाठ करून देण्याचा हेतू नाही. निर्णय घेण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांना निर्णयापूर्वी कशाचा विचार करावा हे कळावे, एवढ्यासाठी हे लेखन आहे.

धोरणात्मक नेतृत्व म्हणजे नेमके काय? रोजच्या कारभारापेक्षा ते वेगळे कसे?

माल वेळेत निघाला का, पगार झाले का, यंत्र बंद पडले तर दुरुस्तीला कोण येणार, हा कारभार आहे आणि तो चोख असलाच पाहिजे. नेतृत्वाचा प्रश्न त्याच्या पुढचा असतो. आपला उद्योग कोणत्या ग्राहकावर, कोणत्या कच्च्या मालावर, कोणत्या कायद्यावर, कोणत्या चलनावर आणि कोणत्या माणसांवर उभा आहे, त्यांपैकी कोणता आधार निघाला तर उद्योग कोसळेल, आणि तो आधार आपण विचारपूर्वक निवडला आहे की केवळ चालत आला म्हणून धरून ठेवला आहे, याचा शोध घेणे हे नेत्याचे मुख्य काम आहे, असे माझे ठाम मत आहे. कोणताही उद्योग पूर्णपणे स्वावलंबी नसतो आणि तसा तो असण्याची गरजही नाही. मात्र आपण कशावर अवलंबून आहोत हे मालकालाच माहीत नसेल, तर जगात होणारा प्रत्येक बदल त्याच्यावर अचानक येऊन आदळतो.

आमचा कारखाना लहान आहे. जागतिक घडामोडींशी आमचा खरोखर संबंध येतो का?

येतो, आणि मुंबईत तर तो दीडशे वर्षांहून अधिक काळ येत आला आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि त्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे मोर्चा वळवला. भाव कित्येक पटींनी चढले, मुंबईत पैशाचा पूर आला, बँका आणि समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्या एकामागून एक निघू लागल्या आणि बॅक बेच्या भरावासाठी काढलेल्या कंपनीचे शेअर मूळ किमतीच्या अनेक पटींनी विकले गेले. १८६५ साली युद्ध संपल्यावर भाव कोसळले, मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या आणि पुढे बँक ऑफ बॉम्बेलाही गाशा गुंडाळावा लागला. त्या तेजीचे सूत्रधार मानले गेलेले प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर फोर्टमध्ये आजही उभा आहे. युद्धकाळात कापूस विकून नफा मिळवणाऱ्यांचे काहीच चुकले नव्हते. परक्या देशातील युद्धामुळे आलेली तेजी कायमची आहे असे धरून ज्यांनी तिच्यावर कर्ज उचलले, ते बुडाले. आजही एखाद्या वर्षाच्या असाधारण मागणीवर नवी शेड बांधायला आणि यंत्रांसाठी मुदतकर्ज काढायला निघालेल्या उद्योजकाने स्वतःला हाच प्रश्न विचारायला हवा: ही मागणी कोठून आली आहे आणि ती कोणत्या कारणाने थांबेल?

अलीकडचे उदाहरण लाल समुद्राचे आहे. नोव्हेंबर २०२३ पासून तेथे व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बहुतेक मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घातला. न्हावा शेवा बंदरातून युरोपला जाणाऱ्या मालाला साधारण दहा ते चौदा दिवस अधिक लागू लागले, भाडे आणि विमा वाढला. येथे पाहण्यासारखी गोष्ट अशी की, यात केवळ निर्यातदारच अडकला नाही. तळोज्यातील रसायन-निर्यातदाराचे पैसे उशिरा आले, म्हणून त्याला ड्रम पुरवणाऱ्याचे थकले, आणि ड्रमवाल्याने आपल्या पत्रेवाल्याला थांबवले. ज्याने आयुष्यात एकही कंटेनर परदेशी पाठवलेला नाही, तोही अशा साखळीत तिसऱ्या-चौथ्या जागी उभा असतो.

जगात पुढे काय घडणार याचा अंदाज बांधता येतो का?

नेमका अंदाज बांधता येत नाही, आणि तो बांधून देतो असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. तयारी मात्र करता येते. १९७० च्या दशकाच्या आरंभी शेल या तेल कंपनीतील नियोजनकारांनी भविष्याचे एकच चित्र रंगवण्याऐवजी अनेक संभाव्य चित्रे मांडण्याची पद्धत विकसित केली, आणि त्यांपैकी एका चित्रात तेल-उत्पादक देश पुरवठा आवळतील व भाव भडकतील ही शक्यता धरलेली होती. ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलसंकट आले तेव्हा ते कोणत्या दिवशी येईल हे त्या कंपनीलाही ठाऊक नव्हते. परंतु तसे झाले तर काय करायचे, याचा विचार तिच्या वरिष्ठांनी आधीच केलेला होता.

याहूनही महत्त्वाचा मुद्दा असा की, सगळेच बदल अचानक येत नाहीत. कित्येक बदल दहा-दहा वर्षे आधी तारीख सांगून येतात आणि तरीही लोक बेसावध सापडतात. १ जानेवारी २००५ या एकाच दिवशी भारतीय उद्योगाच्या दोन मोठ्या क्षेत्रांचे नियम बदलले. कापड आणि तयार कपड्यांच्या जागतिक व्यापारावरील कोटा संपला, आणि औषधांना उत्पादनाचे पेटंट देण्याची व्यवस्था भारतात लागू झाली. जागतिक व्यापार संघटनेच्या करारांमुळे या दोन्ही गोष्टी १९९५ पासून सर्वांना माहीत होत्या. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यात औषध बनवण्याच्या केवळ प्रक्रियेलाच पेटंट मिळत असे, म्हणजे तेच औषध वेगळ्या प्रक्रियेने बनवता येई, आणि त्याच आधारावर मुंबईतील औषध कंपन्या वाढल्या होत्या. २००१ साली सिप्लाने एचआयव्हीवरील तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य देशांत त्याच उपचाराला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत होता. हा आधार कायमचा नाही हे ज्यांनी ओळखले, त्यांनी मिळालेली दहा वर्षे संशोधन विभाग उभारण्यात आणि परदेशी औषध-नियामकांच्या कसोटीला उतरतील असे कारखाने बांधण्यात घालवली. म्हणून माझा सल्ला असा आहे की, अंदाजांच्या मागे लागण्याआधी आपल्या क्षेत्रात आधीच जाहीर झालेल्या तारखांची यादी करावी. ती बहुधा अपेक्षेपेक्षा लांब निघते.

एकाच देशावर किंवा एकाच मोठ्या ग्राहकावर अवलंबून राहणे चुकीचे आहे का?

सुरुवातीला ते अटळ असते, कारण नव्या उद्योगाला एक मोठा ग्राहकच उभे करतो. पुढे मात्र त्याची किंमत मोजून ठेवावी लागते. २०२५ साली अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्काबाबत काय केले ते पाहा. एप्रिलमध्ये २६ टक्क्यांची घोषणा झाली, प्रत्यक्षात तूर्त १० टक्के लागू झाले, ७ ऑगस्टपासून २५ टक्के झाले आणि २७ ऑगस्टपासून एकूण अतिरिक्त शुल्क ५० टक्क्यांवर गेले. पाच महिन्यांत चार आकडे. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात वसाहतीतील दागिने-निर्यातदारांची सर्वांत मोठी बाजारपेठ अमेरिकाच असल्याने त्यांना यातला प्रत्येक आकडा झोंबला.

हिऱ्यांच्या व्यवसायाने तर एकाच वेळी अनेक दिशांनी मार सोसला. ऑपेरा हाऊसच्या पंचरत्न इमारतीतून २०१० साली वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये आलेला हा व्यापार डोळ्यांत भरेल असा वाढला होता; पण युक्रेन युद्धानंतर जी-सात देशांनी १ जानेवारी २०२४ पासून रशियन हिऱ्यांच्या थेट आयातीवर बंदी घातली, प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांनी भाव खाली ओढले, आणि वर हे शुल्क आले. कच्चा माल, पर्यायी उत्पादन आणि ग्राहक-देश हे तिन्ही धोके स्वतंत्रपणे सोसता आले असते. ते एकत्र येतील हे गृहीत धरून कोणी हिशेब मांडला नव्हता.

दुसरी बाजारपेठ उभी करायला वर्षे लागतात, म्हणून ती संकट येण्याआधीच सुरू करावी लागते. संयुक्त अरब अमिरातीबरोबरचा करार मे २०२२ पासून, ऑस्ट्रेलियाबरोबरचा डिसेंबर २०२२ पासून, तर स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिकटेनस्टाइन यांच्या गटाबरोबरचा ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आहे. आपल्या मालाच्या एचएस कोडनुसार (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा क्रमांक) तेथे किती सवलत मिळते आणि उत्पत्ती-प्रमाणपत्रासाठी काय लागते, हे आपल्या कस्टम हाउस एजंटाला किंवा निर्यात परिषदेला विचारून घेतले, तर पहिले पाऊल पडले असे समजावे. ज्याच्याकडे निम्म्याहून अधिक विक्री आहे अशा ग्राहकाला नाराज न करताही दरवर्षी एक नवा ग्राहक जोडता येतो.

चीनमधून येणारा कच्चा माल थांबवावा का?

सरसकट थांबवणे बहुतेकांना परवडणार नाही, आणि केवळ भावनेपोटी तसा निर्णय घेऊ नये. कोणत्या वस्तूला दुसरा पुरवठादार आहे आणि कोणत्या वस्तूला तो नाही, एवढे आधी वेगळे करावे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा धातूंच्या व त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवाना-बंधने घातली, तेव्हा भारतातील वाहन-उद्योगाला कळले की मोटारीच्या किमतीत ज्याचा वाटा नगण्य आहे असे एक चुंबक मिळाले नाही तरी उत्पादनाची अख्खी मालिका अडते. खरेदी विभाग महागड्या वस्तूंकडे लक्ष देतो. नेत्याने अडवून धरणाऱ्या वस्तूंकडे लक्ष द्यावे. अशा वस्तूंचा तीन-चार महिन्यांचा साठा ठेवण्याचा खर्च हा विम्याचा हप्ता मानावा.

रुपयाच्या चढउतारांपासून उद्योगाला कसे वाचवावे?

१८९३ साली सरकारी टांकसाळींनी लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले. रुपया चांदीच्या तुलनेत वधारला, चांदीचे चलन वापरणाऱ्या चीनमध्ये मुंबईच्या गिरण्यांचे सूत महाग पडू लागले, आणि त्याच सुमारास जपानी गिरण्या त्या बाजारात उतरल्या. गिरणीच्या आत सूत कातणाऱ्याचे कौशल्य तेच होते, यंत्रे तीच होती. मालकाच्या हाती नसलेल्या एका निर्णयाने बाजार निसटू लागला. नजीकच्या काळात, मे २०१३ मध्ये ५५ च्या आसपास असलेला डॉलर ऑगस्टअखेरीस ६८ रुपयांच्या पुढे गेला होता.

निर्यातदाराला पडता रुपया गोड वाटतो, परंतु कच्चा माल आयात होत असेल तर ती गोडी फार काळ टिकत नाही. म्हणून प्रथम आपली निव्वळ बाजू काढावी, म्हणजे डॉलरमध्ये येणारी रक्कम आणि डॉलरमध्ये जाणारी रक्कम यांतील फरक. त्या फरकापुरते बँकेकडून फॉरवर्ड कव्हर घ्यावे, म्हणजे पुढच्या तारखेचा डॉलरचा भाव आजच बांधून घ्यावा. सर्वच रकमेचे कव्हर घेणे आणि अजिबात न घेणे, या दोन्ही टोकांना सट्ट्याची छटा आहे. भाव आपल्या बाजूने वळेल म्हणून कव्हर लांबणीवर टाकणारा कारखानदार नकळत चलनाचा व्यापारी झालेला असतो, आणि त्या व्यापाराचे शिक्षण त्याने घेतलेले नसते. परदेशी ग्राहकाने पैसे बुडवण्याची भीती वेगळी आहे. तिच्यासाठी ईसीजीसी ही सरकारी संस्था १९५७ पासून येथेच, मुंबईत, विमा देत आहे, आणि तिचा लाभ घेण्यास लहान निर्यातदार उगाचच बिचकतात.

युरोपच्या कार्बनशुल्काचा आमच्याशी काय संबंध?

माल बनवताना किती कार्बन उत्सर्जित झाला त्यावर युरोपीय संघ आयातीच्या वेळी हे शुल्क आकारतो. लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज या वस्तू युरोपीय संघात पाठवल्या जात असतील तर थेट संबंध आहे. या यादीत पोलादाचे नट-बोल्टसुद्धा येतात, हे वसई आणि वागळे इस्टेटमधील अनेकांना उशिरा कळले. ऑक्टोबर २०२३ पासून केवळ माहिती देण्याचे बंधन होते. १ जानेवारी २०२६ पासून आर्थिक भाराचा टप्पा सुरू झाला आहे. शुल्क युरोपातील आयातदार भरतो, परंतु आपल्या मालामागे किती कार्बन उत्सर्जित झाला याचा खरा आकडा आपण दिला नाही, तर त्याला ठरीव आणि बहुधा चढे आकडे धरावे लागतात, आणि तो भार फिरून आपल्याच भावावर येतो. वीज आणि इंधनाची महिन्याची नोंद ठेवणे, पोलाद कोणत्या कारखान्यातून आले याचे कागद जपणे, ही कामे आजपासून करता येतील. शेअर बाजाराचे नियामक सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केला असल्याने, त्या कंपन्यांचे पुरवठादार असणाऱ्यांकडेही ही विचारणा येऊ लागली आहे.

नवे तंत्रज्ञान केव्हा स्वीकारावे? कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत घाई करावी का?

या प्रश्नावर दलाल स्ट्रीटइतका चांगला धडा दुसरीकडे मिळणार नाही. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई शेअर बाजारात शंभराहून अधिक वर्षे रिंगणात आरोळ्या आणि हातवाऱ्यांनी सौदे होत असत. १९९२ च्या शेअर घोटाळ्यानंतर सुधारणांची निकड सर्वांनाच पटलेली होती. नोव्हेंबर १९९४ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने शेअरचे संगणकीय सौदे सुरू केले, उपग्रहाद्वारे इतर शहरांतील दलालांना त्याच पडद्यावर आणले, आणि सुमारे वर्षभरात उलाढालीत जुन्या बाजाराला मागे टाकले. मुंबई शेअर बाजारानेही मार्च १९९५ मध्ये स्वतःची संगणकीय प्रणाली आणली. म्हणजे तंत्रज्ञान मिळण्यात फरक होता तो जेमतेम चार महिन्यांचा. खरा फरक निर्णय कोण घेत होते यात होता. जुन्या बाजाराचा कारभार त्याच्या सदस्य-दलालांच्या हाती होता, आणि जुन्या पद्धतीवर ज्यांची उपजीविका अवलंबून होती तेच नव्या पद्धतीचा निर्णय घेणार होते. नव्या बाजारात मालकी आणि दलाली आरंभापासून वेगळी ठेवलेली होती.

आपल्या कंपनीत तंत्रज्ञानाचा प्रस्ताव अडला, तर तो कोणाच्या टेबलावर अडला आहे आणि त्या व्यक्तीचे काय पणाला लागले आहे, हे पाहावे. तिची भीती खरी असते. तिला नव्या व्यवस्थेत मानाचे स्थान दिल्याशिवाय ती वाट मोकळी करणार नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत कोटेशन तयार करणे, परदेशी पत्रव्यवहार, तक्रारींचे वर्गीकरण अशा, चूक झाली तर दुरुस्त करता येईल अशा कामांपासून आरंभ करावा. ग्राहकांची आणि कर्मचाऱ्यांची वैयक्तिक माहिती अशा साधनांत भरण्यापूर्वी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा जाणकाराकडून समजून घ्यावा.

धोरण आखायला वेळ आणि पैसा कोठून आणायचा? उधारीतच जीव अडकलेला असतो.

हा प्रश्न मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. ज्याच्या हाती रोकड नाही, त्याच्या हाती निर्णयही राहत नाही. त्याला जो पहिला पर्याय समोर येईल तो घ्यावा लागतो. म्हणून खेळते भांडवल हा हिशेबनीसाचा विषय आहे असे न समजता नेत्याने तो स्वतःकडे ठेवावा. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले पाहिजेत, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. आयकर कायद्यातील बदलामुळे, मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट खरेदीदाराला ती प्रत्यक्ष दिलेल्या वर्षीच मिळते, ही तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. उद्यम नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. मोठी कंपनी ट्रेड्स या बिले वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर असेल तर तिने मान्य केलेले बिल तेथे थोडी कमी रक्कम घेऊन मुदतीआधी वटवता येते. संबंध बिघडतील म्हणून मागायचेच नाही, ही आपल्याकडची सवय फार महाग पडते.

परदेशातील कंपनी विकत घेणे हा पुढे जाण्याचा मार्ग आहे का?

कधी आहे, कधी नाही. आणि एकाच समूहाच्या दोन व्यवहारांत दोन्ही उत्तरे मिळतात. टाटा स्टीलने २००७ मध्ये सुमारे १२ अब्ज डॉलरना कोरस ही ब्रिटिश-डच पोलाद कंपनी घेतली, टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरना जग्वार लँड रोव्हर घेतली, आणि दोन्ही व्यवहारांनंतर लगेचच जागतिक मंदी आली. जग्वार लँड रोव्हर नव्या गाड्यांच्या आणि चीनच्या मागणीच्या बळावर सावरली. ब्रिटनमधील पोलादाला मात्र जुन्या भट्ट्या, महाग वीज आणि स्वस्त आयात यांतून वाट काढता आली नाही, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये वेल्समधील पोर्ट टॅलबॉट येथील टाटांच्या कारखान्याची अखेरची झोतभट्टी बंद झाली. ग्राहकाला हवे असे नवे काही घडवता येणारी कंपनी आणि जिच्या मालाचा भाव जगाचा बाजार ठरवतो अशी कंपनी, यांतला हा फरक लहान खरेदीलाही लागू पडतो.

आमचा उद्योग घरचा आहे. संचालक मंडळ, सल्लागार यांची आम्हाला काय गरज?

गरज आहे ती "नाही" म्हणू शकणाऱ्या माणसाची. घरच्या उद्योगात दादांनी किंवा काकांनी एकदा शब्द टाकला की पुढे कोणी बोलत नाही. सून वा मुलगी हिशेबात पारंगत असली तरी तिचे मत जेवणाच्या टेबलापर्यंतच पोहोचते. हे वळण जोपर्यंत बाजार स्थिर आहे तोपर्यंत चालून जाते, कारण ज्येष्ठांचा अनुभव खरोखरच उपयोगी असतो. बाजार वळला की तोच अनुभव चुकीच्या दिशेला ओढू लागतो, आणि ते सांगण्याचे धाडस घरातील कोणातही नसते. खासगी कंपनीला कायद्याने स्वतंत्र संचालक नेमावे लागत नाहीत, परंतु एक निवृत्त बँक अधिकारी, आपल्या क्षेत्राबाहेरचा एक उद्योजक आणि कुटुंबाशी नाते नसलेला एक सनदी लेखापाल असे तिघे तिमाहीतून एकदा बसवले, त्यांना रीतसर मानधन दिले आणि कागद आठवडाभर आधी पाठवले, तर विचारविनिमयाचा दर्जा बदलतो. बैठकीत ज्येष्ठांनी आपले मत सर्वांत शेवटी मांडावे. एवढा एक नियम पाळला तरी तरुण मंडळी बोलू लागतात.

बदल करताना कामगारांना कसे बरोबर घ्यावे?

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि तो संप रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही. त्या शोकांतिकेला अनेक कारणे होती, पण नेतृत्वाच्या दृष्टीने एक कारण मला फार बोचते: यंत्रमागांची स्पर्धा वर्षानुवर्षे वाढत असताना कित्येक गिरण्यांनी आधुनिकीकरणात पुरेसा पैसा घातला नाही, आणि धंद्याची खरी स्थिती कामगारांसमोर विश्वासाने मांडलीही नाही. गिरणगावातील हजारो घरांनी त्याची किंमत मोजली. आज तंत्रज्ञानामुळे ज्यांची कामे बदलणार आहेत, त्यांना ते सहा महिने आधी, मराठीत किंवा त्यांच्या भाषेत, मालकाने स्वतः सांगावे. कोणते काम जाणार, कोणते येणार, शिकण्याच्या काळात पगार चालू राहील का, या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील तर बैठकच घेऊ नये.

एवढे भाडे आणि एवढी गर्दी असताना मुंबईत राहण्यात अर्थ उरला आहे का?

उत्पादनासाठी फारसा नाही. ते केव्हाच भिवंडी, तळोजा, वापीकडे सरकले आहे. परंतु रिझर्व्ह बँक, सेबी, एक्झिम बँक, विमा कंपन्या, जहाज कंपन्यांची कार्यालये आणि दोन्ही शेअर बाजार येथेच आहेत, आणि अडचणीच्या वेळी समोरासमोर बसून बोलता येणे याला मोल आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्याने शिवडीहून न्हावा शेवा जवळ आले, डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली, आणि पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे, जरी तेथील मच्छीमारांचा विरोध गांभीर्याने ऐकला गेला पाहिजे. कार्यालय शहरात आणि कारखाना बाहेर, ही विभागणी बहुतेकांना सोयीची ठरते.

नेतृत्वासाठी व्यवस्थापनाची पदवी आवश्यक आहे का?

नाही. मात्र ताळेबंद वाचता येणे आवश्यक आहे.

संकट प्रत्यक्ष येऊन ठेपले, तर पहिल्या आठवड्यात काय करावे?

प्रथम रोकड मोजावी: आज बँकेत किती आहे, तेरा आठवड्यांत किती येईल आणि किती जाईल. मग माल कोठे आहे ते पाहावे, म्हणजे गोदामात किती, बंदरात किती, समुद्रात किती. मोठ्या ग्राहकांना मालकाने स्वतः फोन करावा, आणि बँकेला हप्ता चुकण्याआधी कळवावे. हप्ता चुकल्यावर सांगितलेले खरे कारणही सबबीसारखे वाटते. बाहेर एकाच व्यक्तीने बोलावे. सप्टेंबर २०२५ मध्ये सायबर हल्ल्यानंतर जग्वार लँड रोव्हरचे उत्पादन सुमारे पाच आठवडे बंद राहिले, तेव्हा मूळ कंपनीपेक्षा तिच्या लहान पुरवठादारांची अवस्था बिकट झाली होती. म्हणूनच आपल्या मोठ्या ग्राहकाचे संकट हेही आपलेच संकट मानून त्याची आधी रंगीत तालीम करावी. या आठवड्यात माणसे कमी करण्याचा निर्णय शक्यतो घेऊ नये, कारण तो उलटा फिरवता येत नाही आणि पुरेशी माहिती हाती आलेली नसते.

धोरणाचा फेरविचार किती वेळा करावा?

वर्षातून एकदा, दिवाळीनंतर आणि आर्थिक वर्षअखेरची धावपळ सुरू होण्याआधी, पूर्ण फेरविचार करावा. त्या वेळी आपण धरलेली पाच-सहा गृहीतके कागदावर लिहावीत: डॉलरचा भाव कोणत्या मर्यादेत राहील, मुख्य ग्राहक किती खरेदी करेल, कोणत्या मार्गाने किती दिवसांत माल पोहोचेल, कोणता कायदा बदलणार नाही. प्रत्येक गृहीतकापुढे ते मोडले हे कोणत्या आकड्यावरून कळेल ते नोंदवावे आणि तो आकडा दर महिन्याला कोणी पाहायचा त्याचे नावही लिहावे. गृहीतक मोडले की पुढच्या दिवाळीची वाट न पाहता त्याच आठवड्यात बैठक बोलवावी. मोडले नसेल, तर वर्तमानपत्रात काहीही छापून आले तरी धोरण जागेवर राहू द्यावे.